डब्याला घाबरणारे खरबडेकाका

वामन खरबडे एअर फोर्समधून सार्जंट म्हणून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, की आता अमरावतीला परत कधी? काका म्हणाले, "जात नाही. इथले रस्ते सरळ आहेत."

एवढ्या एका कारणावरून हा माणूस चंदीगडला राहिला. सेक्टर सतरामधल्या एका बँकेत कारकून म्हणून लागला आणि सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं बिऱ्हाड केलं. नीलाकाकूंना हे कारण कधीच पटलं नाही. "रस्ते सरळ हायेत म्हणून कोणी मुक्काम करते का बापा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मूलबाळ नव्हतं. मिग नावाचा एक तांबडा गावठी कुत्रा होता. नाव विमानाचं असलं तरी तो जिना चढतानासुद्धा दोनदा बसायचा.

माझे बाबा आणि काका परतवाड्याच्या शाळेत एका बाकावर होते. त्यामुळे मी पीएच.डी.साठी चंदीगडच्या विद्यापीठात आले तेव्हा त्यांची मागची खोली मला मिळाली. माझा विषय होता उंदरांची भीती. पिंजऱ्यात आधी एक सूर वाजवायचा आणि तो संपता संपता उंदराच्या पायांना विजेचा हलका झटका द्यायचा. दोन-तीन वेळा असं झालं की पुढे नुसत्या सुरानंच उंदीर जागच्या जागी गोठतो, मिशीसुद्धा हलवत नाही. मग तोच सूर झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि भीती कशी ओसरते ते बघायचं. हे मी काकूंना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्यांनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं.

"उंदराले भेव दाखवाले एवढं शिकावं लागते?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मांजर करत होती हे काम."

साल सत्याऐंशी. पंजाबातून रोज वाईट बातमी यायची. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागे सीआरपीचे जवान. बसमध्ये चढलं की समोर पाटी: सीटखाली पाहा, बॉम्ब असू शकतो. आधी ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब फुटले होते, तेव्हापासून बेवारस पिशवी, रेडिओ, डबा, काहीही दिसलं की लोक लांब व्हायचे. रोज व्हायचे आणि रोज बसमध्येही चढायचे. दुसरं करणार काय?

काका मात्र या सगळ्यात निवांत होते. एकाहत्तरच्या लढाईत धावपट्टीजवळ बॉम्ब पडत असताना हा माणूस खंदकात झोपला होता, आणि उठून "चहा झाला का?" असं विचारलं होतं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. काकू सांगायच्या, तक्रार म्हणून.

त्या फेब्रुवारीत काका बँकेतून सुटून सेक्टर सतराच्या स्टँडवर बसमध्ये बसले. कंडक्टरला मागच्या सीटखाली एक स्टीलचा तीन खणी डबा दिसला.

"ओए, किसदा डब्बा है?"

कुणीच हो म्हणेना. त्यानं पुन्हा विचारलं. मग शिट्टी वाजवली आणि बस रिकामी झाली. काका सोडून. काकांना वाटलं आपण फौजी आहोत, आपण बघायला हवं. ते गुडघ्यांवर बसले, खाली वाकले आणि डबा टिकटिक करतोय का ते ऐकायला त्यांनी कान जवळ नेला. कान डब्यापासून वीतभर अंतरावर असताना मागच्या रस्त्यावर एका ट्रकचं टायर फुटलं.

धडाम!

"मले वाटलं मी गेलो," काका नंतर सांगायचे. "पण पाय पळून राहिले होते. म्हटलं, गेलो असतो तर पाय कशाले पळाले असते?"

पाय त्यांना घेऊन रेलिंगवरून, केळीवाल्याच्या गाडीला वळसा घालून एका कापडाच्या दुकानात गेले. तिथे गुलाबी सूट घातलेली प्लास्टरची बाई उभी होती. काका तिच्यामागे गेले आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहिले. दुकानदार भला माणूस. त्यानं बराच वेळ काही विचारलं नाही. शेवटी एक गिऱ्हाईक तोच सूट मागायला लागलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाई साहब, अब मैडम को छोड़ दीजिए."

तिकडे स्टँडवर डब्याची मालकीण धापा टाकत परत आली होती. शाळेतल्या बाई होत्या. शेंगदाणे घ्यायला उतरल्या आणि तिथेच मैत्रिणीशी बोलत बसल्या. डब्यात राजमा होता. त्या डबा घेऊन घरी गेल्या आणि गोष्ट संपली. काकांची मात्र इथे सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नेहमीसारखा डबा भरला आणि त्याची कडी लावली. खट्. काका दाढी करत होते. ते वस्तऱ्यासकट पलंगावर उभे.

"काय झालं व माय?"

"काही नाही. डबा नको आज. केळं खातो."

त्या दिवशी केळं, दुसऱ्या दिवशी केळं. पुढच्या आठवड्यात काका मसाल्याच्या डब्यालाही दचकायला लागले. मग डालड्याचा डबा. मग पिठाचा. मग कुकर, पण कुकरला मीही थोडी घाबरते, तेव्हा तो मी धरत नाही. एकदा काकूंनी नुसती वाटी पालथी घातली तर काका गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि "हवा छान सुटली आहे" म्हणाले. हवा अजिबात नव्हती.

मिगची गंमत आणखी वेगळी. आत्तापर्यंत डबा खट् वाजला की तो शेपूट हलवत हजर व्हायचा, कारण शेवटची पोळी त्याची. पण आता डबा वाजला की काका थरथरतात हे त्यानं पाहिलं. धडाम ऐकलं नव्हतं, ट्रक पाहिला नव्हता, तरी चार दिवसांत तोही डबा वाजला की पलंगाखाली. वर काका, खाली कुत्रा, आणि मध्ये काकू हातात डबा घेऊन उभ्या. "या घरात मी एकटी माणूस हाय की काय," त्या म्हणायच्या.

मी मात्र मनातून हरखले होते. वर्षभर पिंजऱ्यात जे बघत होते ते माझ्या घरी पोळीभाजीसोबत चाललं होतं. एका जेवणाच्या वेळी मी समजावून सांगितलं, की भीती शिकायला मेंदूला एक फटका पुरतो. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, तो अशा गोष्टी पक्क्या धरून ठेवतो, आणि टायर आणि डबा यांचा काही संबंध नाही हे त्याला कळत नाही.

काकूंनी बदाम एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून काकांना सकाळी भिजवलेले बदाम सुरू झाले. "त्यांचा बदाम कमजोर झाला हाय," त्या शेजारच्या सूद बाईंना सांगत होत्या. मी सांगून पाहिलं की काकू, तो कमजोर नाही, जरा जास्तच जोरात आहे. काकूंनी बदाम बंद केले आणि काकांना सकाळी काहीच मिळेना. मग मी या विषयावर बोलायचं सोडलं.

हे असंच चाललं असतं. केळी खाऊन माणूस जगतो. पण एका रविवारी गुरबचन सिंग घरी आले.

गुरबचन सिंग म्हणजे बँकेत काकांच्या शेजारच्या काउंटरवरचे. इतकी वर्षं दोघं दुपारी एकत्र जेवत. काकूंची भाकरी ते खात, त्यांच्या घरचा मोहरीच्या पाल्याचा साग काका खात. रविवारी आले की ते पाय वर घेऊन ऐसपैस बसायचे. त्या दिवशी खुर्चीच्या काठावर बसले. चहाला हात लावला नाही.

"खरबडे, एक बात साफ बोल," ते म्हणाले. "मैं डब्बा खोलता हूँ, तू उठके चला जाता है. रोज. पूरी ब्रांच देखती है."

काका जमिनीकडे बघत होते.

"बस में लोग मुझे देखके सीट बदलते हैं. मैं खिड़की के बाहर देखता रहता हूँ, जैसे मुझे पता ही नहीं. वो अनजान लोग हैं, यार. पर तू? तुझे भी अब मेरी पगड़ी से डर लगता है?"

मिगसुद्धा शेपटी हलवायचा थांबला. मी दाराशी उभी होते आणि मला वाटलं की काका आता काही तरी बोलले नाहीत तर हा माणूस पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही.

काकांचा चेहरा लाल झाला होता. भित्रा म्हणवून घेण्याची त्यांना फार लाज होती. "पगड़ी से नहीं," ते शेवटी म्हणाले.

"फिर किससे?"

"डब्बे से."

"क्या?"

"तेरे डब्बे से. सब के डब्बे से. इसके भी." त्यांनी काकूंकडे बोट केलं.

गुरबचन सिंगांना हे सरळसरळ थाप वाटली. ते उठायला लागले. तेव्हा काकू आत गेल्या आणि त्यांनी डब्याची कडी लावली. खट्. काका पलंगावर. मिग पलंगाखाली.

सरदारजी दोघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पगडी सांभाळली आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता खुर्चीवरून घसरले, डोळे पुसले, पुन्हा काकांकडे पाहिलं आणि पुन्हा हसले. काकूंना ते म्हणाले, "भाभीजी, एक बार और." काकूंनी पुन्हा कडी लावली. काका पुन्हा उडाले. हे चारदा झालं. चौथ्यांदा काका स्वतःच हसायला लागले आणि पलंगावरून खाली पडले. उशिरापर्यंत बसून गुरबचन सिंग जेवूनच गेले. भाकरी मात्र ताटलीत वाढलेली, डबा नाही.

त्या रात्री काका मला म्हणाले, "मंजिरी, तुझ्या उंदराचं भेव जाते ना? मंग माझं घालव."

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्या म्हणाल्या, माणसाचं काम डॉक्टरांचं, पण जेवणाचा डबाच आहे तर करून बघ. हळू जा, जबरदस्ती करू नको. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. उंदीर जुनी भीती विसरत नाही. तो तिच्या शेजारी दुसरं काही तरी शिकतो, की इथे, या पिंजऱ्यात, आता काही होत नाही. पिंजरा बदलला की जुनी भीती पुन्हा हजर.

आम्ही सुरुवात केली. संध्याकाळी गॅलरीच्या टोकाला रिकामा डबा ठेवायचा, काका खोलीत, हातात चहा. भीती वाटली तरी उठायचं नाही. ती चढते, थोडा वेळ टिकते आणि आपोआप उतरते, हे मेंदूला स्वतः बघू द्यायचं. पळून गेलं की मेंदू म्हणतो, पळालो म्हणून वाचलो. मग डबा रोज थोडा जवळ.

मिग दोन दिवसांत बरा झाला. त्याला डब्याची जुनी ओळख पोळीची होती. काकूंनी डब्यावर पोळीचा तुकडा ठेवला आणि त्यानं भीतीबिती सगळी सोडून दिली. काकांना हे फार लागलं. "कुत्र्याले जमलं," ते स्वतःशी म्हणायचे.

डबा उंबऱ्याशी आला आणि तिथे अडला. मग एके दिवशी काका एकदम धीट झाले. डबा टेबलावर, काका शेजारी, चेहऱ्यावर समाधान. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट.

"काका, हे काय?"

"काही नाही. सोय."

"काढा."

"राहू दे ना बापा. भेव तर गेलं ना?"

मी सांगितलं की काका, भीती गेलेली नाही. रोज काही होत नाही याचं सगळं श्रेय मेंदू हेल्मेटला देतोय. त्यावर काकांनी बराच विचार केला आणि विचारलं, "मंग उशी चालेल?"

हेल्मेट सुटायला डब्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण सुटलं. उन्हाळा लागेपर्यंत काका घरी डबा स्वतः उघडून जेवायला लागले. बँकेत गुरबचन सिंगांनी आपला डबा रोज एकेक टेबल पुढे सरकवत आणला. मधल्या टेबलांवरच्या लोकांनी त्यातलं बरंच खाल्लं, त्यामुळे सगळ्या शाखेचा या उपचाराला पाठिंबा होता. ज्या दिवशी डबा काकांच्या काउंटरवर पोचला त्या दिवशी मॅनेजरनं जिलेबी मागवली.

आणि तरीही बसमध्ये कुणाच्या मांडीवर डबा दिसला की काका पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि चालत घरी यायचे. पिंजरा बदलला होता.

"म्हणजे बसमध्येच करावं लागेल," मी म्हणाले.

गुरबचन सिंगांनी हात वर केले. "इसमें मैं नहीं आऊँगा, बेटा. बस में डब्बे के साथ तुम बैठोगे तो लोग डब्बे को देखेंगे. मैं बैठूँगा तो मुझे." हे त्यांनी हसत सांगितलं, पण मान्य करण्यासारखं होतं. आम्ही आग्रह केला नाही.

म्हणून एका सुटीच्या दिवशी काका, काकू आणि मी पंचकुल्याच्या बसमध्ये बसलो. डबा भरलेला, कारण काकू रिकामा डबा घेऊन प्रवास करायला तयार नव्हत्या. काका मधल्या सीटवर, डबा त्यांच्या पायाशी. मी आणि काकू मुद्दाम मागे बसलो, म्हणजे काकांना आमचा आधार वाटायला नको. माझी ही योजना मला तेव्हा फार शास्त्रशुद्ध वाटली होती.

बस सुटली. काकांचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. त्यांनी डबा पायानं थोडा दूर सरकवला. मग आणखी थोडा. वळणावर तो घसरत पलीकडच्या सीटखाली गेला. तिथल्या बाईंनी खाली पाहिलं.

"ये किसका है?"

काकांनी आपला म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी हे रोज पिंजऱ्यात बघत होते; काका गोठले होते, मिशीसकट. आम्ही दोघी मागून "हमारा, हमारा" ओरडलो, पण तोवर बाईंनी किंकाळी फोडली होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, दोन्ही दारांनी लोक उतरले आणि त्या लोंढ्यात आम्हीही बाहेर फेकल्या गेलो. बस रिकामी झाली. आत काका आणि डबा.

जवळच्या नाक्यावरचा हवालदार धावत आला. त्यानं सगळ्यांना लांब केलं. "अंदर कौन है?"

"माझे मिस्टर," काकू म्हणाल्या. "और डब्बा भी हमारा हीच है."

"आपका है तो वो बोले क्यों नहीं?"

"वो डब्बे को डरते."

हवालदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अपने ही डब्बे को?" त्याचा संशय वाढला. "क्या है उसमें?"

"ऊपर भाकरी है. नीचे झुणका."

"झटका?"

"झटका है!" कंडक्टर ओरडला आणि सगळी गर्दी दहा पावलं मागे सरली.

"झटका नाही बापा, झुणका! और बीच में ठेचा."

"वो क्या होता है?"

"मिरची का. खाया तो आग लगती."

गर्दी थेट रस्त्यापलीकडे गेली. हवालदारानं शिट्टी वाजवली आणि वाळूच्या पोत्यांमागून आणखी दोघांना बोलावलं. मी हिंदीत, इंग्रजीत, उंदरांपासून सुरुवात करून सगळं सांगायला लागले. उंदीर हा शब्द ऐकल्यावर त्यांनी मलाही काकूंसोबत झाडाखाली उभं केलं.

इकडे हे चालू असताना आत काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. त्यांना हलताच येत नव्हतं. छाती धडधडत होती, हातांना घाम. डबा समोर. कुणी नाही, हेल्मेट नाही, चहा नाही. पळावंसं वाटत होतं पण पाय ऐकेनात. भीती वर वर चढत गेली आणि त्यांना वाटलं आता छाती फुटेल. मग ती आणखी चढायची थांबली. बराच वेळ तशीच राहिली. मग उतरायला लागली, दूध खाली बसतं तशी. बाहेर काकूंचा आवाज येत होता. डबा आपल्या जागी होता. आणि काकांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे.

आम्हाला बाहेर एवढंच ऐकू आलं: खट्.

हवालदार जमिनीवर पालथा पडला. त्याच्यामागे कंडक्टर. काही झालं नाही. थोड्या वेळानं बसच्या दारात काका आले. एका हातात डब्याचा खालचा खण, दुसऱ्या हातात भाकरी, गाल फुगलेला.

"अवं," ते काकूंना म्हणाले, "मीठ टाकलंच नाही का आज?"

काकू इतका वेळ खंबीर होत्या. मिठाचं ऐकल्यावर मात्र त्यांना रडू फुटलं. "मीठ बरोबर हाय," त्या रडता रडता म्हणाल्या, "तुमच्या तोंडाले चव नाही."

हवालदारानं उठून गुडघे झटकले. डब्याची नीट तपासणी केली, खण वेगवेगळे केले, हुंगले. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. त्यानं आधी झुणका खाल्ला आणि मान डोलावली. मग आम्ही नको नको म्हणेपर्यंत ठेचा खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "माताजी," तो म्हणाला, "ये तो सचमुच बम है." मग सगळ्यांनीच थोडं थोडं मागितलं. किंकाळी फोडणाऱ्या बाईंनी कृती लिहून घेतली. बस उशिरा पंचकुल्याला पोचली.

त्यानंतर काका डबा घेऊन बसनं जायला लागले. भीती कायमची गेली असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी एका बाजारात खरोखरच स्फोट झाला, माणसं गेली, आणि पेपरातले फोटो पाहिल्यावर काका पुन्हा आठवडाभर केळी खात होते. गुरबचन सिंगांना तेव्हा हसू आलं नाही. त्यांनी आपला डबा पुन्हा हॉलच्या टोकाच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि रोज एकेक टेबल पुढे आणला. या वेळी लवकर पोचला.

माझा प्रबंध पूर्ण झाला आणि मी पुण्याला नोकरीला लागले. नव्वद सालानंतर कधी तरी काका-काकू माझ्याकडे राहायला आले होते. आम्ही एका दवाखान्यात रांगेत बसलो होतो आणि समोरच्या बाकाखाली कुणाचा तरी डबा होता. नवं शहर, नवी जागा. काका बोलता बोलता थांबले. त्यांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला.

"बाहेर जायचं का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "आलंय जरासं. बसू दे त्याले."

आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. काकूंनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून वारा घालायला सुरुवात केली, काकांना नव्हे, स्वतःला. नंबर पुकारला जाईपर्यंत काकांचा हात सैल झाला होता. आत जाता जाता ते डॉक्टरांच्या नावाची पाटी वाचत म्हणाले, "पुण्याचे रस्ते मात्र फार वाकडे आहेत हो."